आर्थिक महासंघात नवा देश घेताना भ्रष्टाचाराची अट नेमकी कुठपर्यंत चालते?

प्रश्न : राजारामपुरीचा विद्यार्थी

नमस्कार. मी कोल्हापुरात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि विभागातील चर्चासत्रासाठी युरोपीय महासंघाच्या विस्तारावर टिपण तयार करीत आहे. त्यात एका मुद्द्यावर मी वारंवार अडतो, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

जून १९९३ मध्ये कोपनहेगन येथे ठरलेल्या निकषांनुसार उमेदवार देशात लोकशाही, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचे हक्क जपणाऱ्या स्थिर संस्था असल्या पाहिजेत, चालती बाजारव्यवस्था असली पाहिजे आणि सदस्यत्वाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची कुवत असली पाहिजे. असे असूनही १ जानेवारी २००७ रोजी बल्गेरिया आणि रुमानिया आत आले, तेव्हा न्यायव्यवस्थेतील सुधारणा आणि भ्रष्टाचाराविरुद्धची कारवाई अपुरी असल्याचे युरोपीय आयोगाने, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाने, स्वतःच लिहून ठेवले होते. याउलट १ मे २००४ रोजी एकदम दहा देशांना प्रवेश मिळाला. त्यांतला हंगेरी तेव्हा चांगल्या तयारीचा उमेदवार मानला जात होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच हंगेरीचा सुमारे ६३० कोटी युरोंचा निधी महासंघाला रोखून धरावा लागला. ज्यांची तयारी अपुरी होती ते आत गेले आणि ज्यांची पुरी समजली गेली तेही आत जाऊन घसरले. मग प्रवेशाच्या वेळची तपासणी नेमके काय तपासते?

वर्गात हा विषय निघाल्यावर आपल्या कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीची आठवण झाली नसती तरच नवल. आधी सुविधा दाखवा मग हद्दीत येतो, असे गावांनी म्हणायचे आणि आधी हद्दीत या मग सुविधा पोहोचतील, असे शहराने म्हणायचे, हा वाद आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. युक्रेन आणि मोल्दोव्हा यांच्याबाबत युरोपापुढे असाच पेच आहे काय? आधी कारभार स्वच्छ करून मग सदस्यत्व, की सदस्यत्व देऊन त्या धाकाने कारभार स्वच्छ, यांपैकी काय अनुभवाला उतरले आहे?

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक, ताराबाई पार्क

तपासणी काय तपासते, याचे सरळ उत्तर असे की ती मुख्यतः कायदे तपासते. महासंघाचे सगळे नियम पस्तीस प्रकरणांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक प्रकरणातील तरतुदी उमेदवार देशाच्या कायद्यात उतरल्या की नाहीत, त्यासाठी खाते नेमले की नाही, अधिकाऱ्यांची मालमत्तेची विवरणपत्रे घेतली की नाहीत, हे पाहिले जाते. माझी सगळी नोकरी भरलेले रकाने तपासण्यात गेली. रकाना भरलेला असणे आणि काम झालेले असणे यांतील अंतर कागदावर कधीच दिसत नाही, ते मोजमाप पुस्तक घेऊन जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

बल्गेरिया आणि रुमानिया यांच्या बाबतीत घोळ झाला तो तारखेचा. प्रवेशाच्या करारावर एप्रिल २००५ मध्येच सह्या झाल्या आणि त्यात २००७ ची तारीख पडली. काम अपुरे राहिल्यास प्रवेश एक वर्षाने पुढे ढकलता येईल, अशी सोय करारात होती, पण ती वापरली गेली नाही आणि वापरली असती तरी वर्षानंतर प्रवेश ठरलेलाच होता. तारीख पक्की झाली की ज्या मंत्र्यांना सुधारणा नको असतात त्यांना फक्त दिवस काढायचे असतात. प्रवेशानंतरच्या देखरेखीसाठी ‘सहकार्य आणि पडताळणी यंत्रणा’ बसवण्यात आली, तिच्यात रुमानियासाठी चार आणि बल्गेरियासाठी सहा उद्दिष्टे ठरली आणि ती यंत्रणा थेट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. मधल्या जवळजवळ सतरा वर्षांत अहवालांमागून अहवाल निघाले, त्यांतील भाषाही पुष्कळदा कडक होती, परंतु उद्दिष्ट न गाठल्यास काय होईल याचे उत्तर त्या यंत्रणेत कुठेच स्पष्ट नव्हते. बल्गेरियाला चटका बसला तो वेगळ्या वाटेने. गैरव्यवहारांमुळे २००८ मध्ये त्याचा निधी गोठवण्यात आला आणि त्या नोव्हेंबरात सुमारे २२ कोटी युरो कायमचे हातचे गेले.

आता पैशाच्या वाटेकडे पाहा, कारण माझ्या मते सगळे मर्म तिथे आहे. महासंघाच्या निधीचा मोठा भाग ब्रुसेल्सहून, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयातून, थेट खर्च होत नाही. सदस्य देशाचीच खाती निविदा काढतात, कामे वाटतात, बिले काढतात आणि मग ब्रुसेल्सकडे मागणी पाठवतात. प्रवेशापूर्वी मिळणारी रक्कम बेताची असते, रस्ते, पाणी, शेती आणि मागास विभाग यांच्यासाठीचा मोठा ओघ प्रवेशानंतर सुरू होतो. म्हणजे तपासणीचा सगळा जोर ज्या काळात असतो त्या काळात पैसा थोडा असतो, आणि पैसा मुबलक झाला की तपासणाऱ्याचा हात सैल पडलेला असतो. वेळापत्रकच असे उलटे लावल्यावर मलिदा कोणी खाल्ला याचे आश्चर्य कशाला?

ठेकेदारांची रिंग, टक्केवारी, डमी निविदा ही आपली शब्दसंपत्ती तिकडच्या लेखापरीक्षकांनाही अनोळखी वाटणार नाही. हंगेरीने निधी वाचवण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये ज्या सतरा उपायांची हमी दिली, त्यांत महासंघाच्या पैशाच्या ज्या कामांना एकच निविदा येते अशा कामांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली आणणे हा एक उपाय होता. तो योग्यच आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. पहिल्या वेळी तीन निविदा आल्या नाहीत तर फेरनिविदा काढण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि तिन्ही निविदा एकाच टेबलावर बसून भरण्याची पद्धतही आपल्याकडेच आहे.

राहिला हद्दवाढीचा मुद्दा. तुमची तुलना मला आवडली, पण ती एका जागी तुटते. उद्या एखादे गाव शहरात आले तर त्याच्या नगरसेवकाला महापालिकेच्या सभागृहात एक मत मिळेल, सभागृह बंद पाडण्याचा अधिकार मिळणार नाही. महासंघात आलेल्या देशाला मात्र परराष्ट्र धोरण, करआकारणी आणि नव्या सदस्याचा प्रवेश अशा विषयांत एकट्याने सगळ्यांचे काम थांबवता येते. मूल्यांचा भंग करणाऱ्या सदस्याचा मताधिकार काढून घेण्याची तरतूद महासंघाच्या कराराच्या सातव्या कलमात आहे, पण तसा भंग झाल्याचे ठरवायला आरोपी देश सोडून बाकी सर्वांचे एकमत लागते. पोलंडविरुद्ध हे कलम डिसेंबर २०१७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध सप्टेंबर २०१८ मध्ये पुढे आणले गेले, आणि दोघांनी एकमेकांची पाठराखण करायची ठरवल्यावर ते तिथेच थिजले. निधी रोखण्याचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्याला एकमत लागत नाही, ठरावीक लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करणाऱ्या देशांचे विशेष बहुमत पुरते, म्हणूनच २०२२ मध्ये काहीतरी होऊ शकले.

आणि तरीही सौदा झालाच. १३ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाने हंगेरीसाठी सुमारे १०२० कोटी युरो मोकळे करण्याचा मार्ग खुला केला. दुसऱ्या दिवशी युक्रेनशी वाटाघाटी सुरू करण्याचा विषय आला, तेव्हा हंगेरीचे तत्कालीन पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान बैठकीतून बाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. आयोगाने निधीचे कारण न्यायव्यवस्थेतील सुधारणा हे सांगितले. युरोपीय संसदेला ते पटले नाही आणि मार्च २०२४ मध्ये तिने आयोगालाच न्यायालयात खेचले. दोन्ही घटनांच्या तारखा शेजारीशेजारी ठेवून मी एवढेच म्हणेन की ज्याला नवा सदस्य अडवण्याचा अधिकार आहे, त्याच्या हिशेबाची तपासणी कधीच निव्वळ हिशेबाची राहत नाही.

उत्तर : शिरोलीचा फाउंड्रीवाला

साहेबांचे म्हणणे वाचले. मी अभ्यासक नाही, शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा कास्टिंगचा छोटा कारखाना आहे आणि आमचा काही माल एका जर्मन कंपनीच्या रुमानियातील कारखान्यात मशीनिंगला जातो. त्या बाजूने जे दिसते ते लिहितो.

रुमानिया महासंघात असल्यामुळे तिथे पोहोचलेला माल जर्मनीला जाताना पुन्हा जकात नाही, पुन्हा प्रमाणपत्र नाही. जिथे अधिकाऱ्याच्या सहीची गरजच उरत नाही तिथे चिरीमिरीही उरत नाही, हा भाग अहवालांत फारसा दिसत नाही. परंतु सीमेवरची तपासणी कायम होती, आणि मालमोटारी तासन्‌तास रांगेत उभ्या राहत. रुमानिया आणि बल्गेरिया शेंगेन व्यवस्थेसाठी, म्हणजे आपसांतील सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटासाठी, तांत्रिकदृष्ट्या तयार असल्याचे २०११ मध्येच मान्य झाले होते. तेव्हा नेदरलँड्सने भ्रष्टाचाराचे कारण सांगून अडवले. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रियाने अडवले ते स्थलांतरितांच्या कारणावरून. जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ रोजी खुल्या झाल्या. अट एका कारणाची आणि नकार दुसऱ्याच कारणाचा, असे एकदा झाले की समोरचा माणूस अट पाळायचे सोडून नकार देणाऱ्याला खूश करायला लागतो. आम्हीही हेच केले असते.

उत्तर : माजी प्राध्यापिका, मंगळवार पेठ

दोन्ही उत्तरे वाचून एक गोष्ट सुटल्यासारखी वाटते, ती म्हणजे त्या त्या देशातील माणसे. ब्रुसेल्सने अट घातली आणि देश सुधारला किंवा बिघडला, असे चित्र मला अपुरे वाटते.

रुमानियाचेच उदाहरण घ्यावे. प्रवेशाच्या तयारीत तिथे भ्रष्टाचारविरोधी अभियोग संचालनालय उभे राहिले. ते बाहेरच्या दबावामुळे उभे राहिले हे खरे, पण २०१२ मध्ये माजी पंतप्रधान अद्रियान नस्तासे तुरुंगात गेले आणि २०१३ पासून लॉरा कोद्रुता कोव्हेशी यांच्या नेतृत्वाखाली मंत्री, खासदार, महापौर रांगेने न्यायालयात उभे राहू लागले, ते देशातल्याच फिर्यादी वकिलांनी केलेले काम होते. सरकारने जानेवारी २०१७ च्या अखेरीस रात्रीच्या वेळी वटहुकूम काढून, पदाच्या गैरवापरामुळे झालेले नुकसान दोन लाख लेई (रुमानियाचे चलन) यापेक्षा कमी असल्यास तो गुन्हाच धरू नये, असे ठरवले. त्यावर लाखो लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच वटहुकूम मागे घ्यावा लागला. १९८९ नंतरची ती तिथली सर्वांत मोठी निदर्शने होती. सत्ताधारी पक्षाचे प्रमुख लिव्हियू द्राग्निया मे २०१९ मध्ये, युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, तुरुंगात गेले. कोव्हेशी यांना मात्र २०१८ मध्येच पदावरून दूर करण्यात आले होते. पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला, आणि ज्या सरकारने त्यांना काढले त्याच सरकारच्या विरोधाला न जुमानता त्या महासंघाच्या पहिल्या मुख्य अभियोक्ता झाल्या.

युक्रेनमध्येही हाच प्रकार दिसतो. तेथील राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी विभाग आणि विशेष अभियोग कार्यालय २०१५ पासूनची आहेत. जुलै २०२५ मध्ये त्यांची स्वायत्तता काढून घेणारा कायदा संमत झाला आणि राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्यावर सहीही केली. युद्ध चालू असताना तरुण मुले हातात पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर आली, महासंघानेही सदस्यत्वाच्या वाटेची आठवण करून दिली, आणि महिना संपायच्या आत स्वायत्तता परत देणारा कायदा करावा लागला. बाहेरची अट आणि आतली चीड एकाच वेळी एकाच जागी पोहोचली, म्हणून ते झाले. युक्रेन अजून उमेदवार असल्यामुळे अटीत जोर होता हे मला मान्य आहे. रुमानियात मात्र देश सदस्य होऊन दहा वर्षे झाली होती, तरीही लोकांनी वटहुकूम पाडला. म्हणून ‘आत घेतल्यावर काही हाती राहत नाही’ हा साहेबांचा निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो.

शिवाय नवे सदस्य तेवढे भ्रष्ट आणि जुने निर्मळ, असा समज चर्चासत्रात होऊ देऊ नये. मार्च १९९९ मध्ये झाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालील अख्ख्या युरोपीय आयोगाला गैरव्यवस्थापन आणि वशिलेबाजीच्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला होता आणि महासंघाचे घोटाळाविरोधी कार्यालय त्याच वर्षी स्थापन झाले. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जितके जास्त तितका कारभार स्वच्छ) शंभरपैकी हंगेरीला ४१, बल्गेरियाला ४३ आणि रुमानियाला ४६ गुण आहेत, पण हंगेरीच्याच दिवशी महासंघात आलेल्या एस्टोनियाला ७६ आहेत. एकाच दरवाजातून, एकाच निकषांवर आलेल्या दोघांत पस्तीस गुणांचे अंतर पडते, तेव्हा दरवाजापेक्षा घराकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. भारताला त्या यादीत ३८ आहेत, एवढे ध्यानात ठेवून बोललेले बरे.

अट नावापुरतीच असली तर काय होते, हे पूर्व आफ्रिकी समुदाय या तिकडच्या देशांच्या आर्थिक संघात दिसते. त्याच्या करारातही सुशासन आणि कायद्याचे राज्य यांचा उल्लेख आहे. तरी २०१६ मध्ये दक्षिण सुदान आणि २०२४ मध्ये सोमालिया सदस्य झाले, आणि २०२४ च्या त्याच निर्देशांकात हे दोघे अनुक्रमे ८ आणि ९ गुणांसह तळाला आहेत. तिथे बंदरे, बाजारपेठ आणि शेजार हीच प्रवेशाची खरी कारणे होती. युरोपातही भूगोल कारण असतोच, फक्त तो निकषांच्या मागे उभा राहतो.

राजारामपुरीचा विद्यार्थी

आपणा सर्वांचे आभार. मॅडम, एस्टोनिया आणि हंगेरी यांची तुलना मी टिपणात घेतो. लेखापरीक्षक साहेबांना एक विचारायचे आहे. २०१३ मध्ये आलेल्या क्रोएशियाला अशी कोणतीही पडताळणी यंत्रणा लावलेली नव्हती. मग तिथे महासंघ शहाणा झाला होता असे म्हणावे काय? आणि आता नव्या उमेदवारांसाठी नियम बदलले आहेत, त्याने फरक पडेल का?

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक, ताराबाई पार्क

मॅडमचे म्हणणे मी मान्य करतो, पण थोडे जोडतो. रुमानियातील माणसे लढू शकली याचे एक कारण म्हणजे प्रवेशापूर्वी उभी केलेली संस्था प्रवेशानंतरही मोडता आली नाही. अटीचा खरा उपयोग कोणता, असे विचाराल तर मी तोच सांगेन : तारीख पडण्याआधी अशी एखादी संस्था उभी करून घेणे, जी नंतरच्या सरकारला गिळता येणार नाही.

क्रोएशियाच्या वेळी महासंघ नक्कीच शहाणा झाला होता. न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्क यांचे स्वतंत्र प्रकरण, म्हणजे तेविसावे, त्याच वाटाघाटींपासून आले, आणि प्रवेशापर्यंत देखरेख ठेवली गेली. जुलै २००९ मध्ये पंतप्रधानपद सोडलेले इव्हो सानादेर डिसेंबर २०१० मध्ये देशाबाहेर गेले, त्यांना ऑस्ट्रियात अटक झाली आणि परत आणून त्यांच्यावर खटले चालले. २०१२ मध्ये त्यांना शिक्षा झाली, ती घटनात्मक न्यायालयाने रद्द केली, पुन्हा खटला चालला आणि पुन्हा शिक्षा झाली. उमेदवार असताना स्वतःच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधानाला तुरुंगात धाडणारे सरकार विरळाच, आणि सदस्यत्वाची ओढ नसती तर ते घडले असते असे मला वाटत नाही.

आता त्याच क्रोएशियाची दुसरी बाजू. प्रवेश १ जुलै २०१३ रोजी होता. त्याच्या फक्त तीन दिवस आधी तिथल्या संसदेने कायदा बदलून, ऑगस्ट २००२ पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी युरोपीय अटक वॉरंट (एका सदस्य देशाने काढलेले आणि दुसऱ्याने बजावायचे) लागू होणार नाही असे ठरवले. युगोस्लाव्हिया काळातील गुप्तचर खात्याच्या एका अधिकाऱ्याची जर्मनीला गरज होती, त्याला वाचवण्यासाठी हे केल्याचे उघड बोलले जात होते. तारीख पक्की होती, सगळ्यांच्या सह्या झालेल्या होत्या, आता कोण काय करणार? आयोगाने निर्बंधांची आणि निधीला कात्री लावण्याची धमकी दिली, तेव्हा कायदा पूर्ववत झाला आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या अधिकाऱ्याला जर्मनीच्या ताब्यात देण्यात आले.

नव्या उमेदवारांसाठी २०२० मध्ये पद्धत बदलली. न्यायव्यवस्था, मूलभूत हक्क, सरकारी खरेदी आणि वित्तीय नियंत्रण ही प्रकरणे सर्वांत आधी उघडायची आणि सर्वांत शेवटी बंद करायची, तसेच घसरण झाली तर उघडलेली प्रकरणे मागे न्यायची, असा नियम आला. कागदावर हे पूर्वीपेक्षा चांगले आहे. अडचण अशी की माँटेनेग्रो २०१२ पासून आणि सर्बिया २०१४ पासून वाटाघाटी करीत आहेत, आणि उत्तर मॅसेडोनियाने तर २०१९ मध्ये देशाचे नावसुद्धा बदलले, तरी बल्गेरियाने इतिहास आणि भाषेच्या वादावरून त्याला अडवले. तिथे शिरोलीकरांचा मुद्दा लागू पडतो. वर्षानुवर्षे दारात उभ्या असलेल्या देशातील प्रामाणिक मंत्र्याला आपल्या मंत्रिमंडळाला सांगायला काही उरत नाही, आणि अप्रामाणिक मंत्र्याला दारात उभे राहण्यातच सोय वाटते, कारण मदत चालू राहते आणि झडती कमी असते. अल्बानियाने न्यायाधीश आणि फिर्यादी वकील यांची सरसकट मालमत्ता तपासणी करून अनेकांना घरी पाठवले आणि २०१९ पासून स्वतंत्र विशेष अभियोग यंत्रणा चालवली, हे मला या यादीतले सर्वांत गंभीर काम वाटते.

टिपणात युरोपीय अभियोक्ता कार्यालयाला जागा जरूर द्या. ते १ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि महासंघाच्या पैशावरील गुन्ह्यांचा तपास सदस्य देशांत स्वतः करू शकते. पण सामील होणे ऐच्छिक आहे. सुरुवातीला हंगेरी आणि पोलंड दोघेही बाहेर राहिले, पोलंड सरकार बदलल्यानंतर २०२४ मध्ये आला. सामील झालेल्या देशातही सगळे सुरळीत असते असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्रोएशियाच्या आरोग्यमंत्र्यांना लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा देशाचे भ्रष्टाचारविरोधी कार्यालय आणि युरोपीय कार्यालय दोघेही तपास करीत होते. तपास कोणी करायचा हे ठरवण्याचा अधिकार क्रोएशियाच्या कायद्यानुसार तिथल्या महाअभियोक्त्यांकडे होता. त्यांनी तो देशातील कार्यालयाकडे दिला आणि कोव्हेशी यांनी आयोगाकडे लेखी तक्रार केली. नव्या सदस्याच्या प्रवेशाच्या करारातच या कार्यालयाचे सदस्यत्व आणि अधिकारक्षेत्राच्या वादावर युरोपीय न्यायालयाचा निर्णय, या दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, असे माझे मत आहे, आणि करायच्या तर त्या तारीख लिहिण्याआधी कराव्या लागतील.